आबांचं ताट

सोनूबाई,

परवा पितृपक्षातल्या म्हाळाचं ताट बाल्कनीत ठेवताना तू विचारलंस, "मम्मी, फोटोतले आबा तुझ्यापेक्षा लहान आहेत. ते आत्ता आले तर तुला ओळखतील तरी का? मग एवढा स्वयंपाक कुणासाठी?" तेव्हा कढईत वडे होते, म्हणून तुला जेवायला बसवलं. पण तो प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला. आता सावकाश लिहिते. कुठं अडलीस तर बाबाला विचार.

आधी तो फोटो. त्यातला कोट आबांचा नाही. आबांनी जन्मात कोट घातला नाही. ते गेले तेव्हा घरात त्यांचा धड एक फोटो नव्हता. कारखान्याच्या ओळखपत्रावरचा होता, तोच मोठा करून घेतला आणि स्टुडिओवाल्यानं वरून कोट आणि टाय रंगवून दिला. आजीला तो फार आवडला. मला अजून आवडत नाही. माझ्या आठवणीतले आबा खाकी शर्टातले, उद्यमनगरातल्या फौंड्रीतून आलेले, कानाच्या पाळीमागं काळी वाळू राहिलेली. मनगटापासून कोपरापर्यंत ओतकामाचे बारीक पांढरे डाग होते, ते मी मोजत बसायची. सुट्टीदिवशी गंगावेशीत न्यायचे. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून पेला हातात देतात. फेसाच्या मिशा आल्या की ते स्वतःच्या मिशांकडं बोट दाखवायचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची फुटबॉल मॅच असली की घरी कुणी पाहुणे आलेले त्यांना चालायचे नाहीत.

झालं. एवढेच आबा माझ्याकडं आहेत. यातलंही किती मला आठवतं आणि किती आजीनं सांगून सांगून माझं झालंय, देव जाणे. छत्तिसाव्या वर्षी गेले. रात्री पाळीवरून आले, छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत खेळ संपला होता. मी तिसरीत होते.

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर रक्षाविसर्जन. आमच्याकडं त्या दिवशी निवद ठेवतात आणि कावळा शिवतो का बघत थांबतात. शिवला म्हणजे गेलेल्याचं मन शांत झालं. नाही शिवला तर त्याची काहीतरी इच्छा राहिली, मग एकेकानं पुढं होऊन ती ओळखायची आणि शब्द द्यायचा. छत्तीस वर्षांच्या, बायको-पोर मागं ठेवून गेलेल्या माणसाची इच्छा राहिली नसेल तर कुणाची? कावळे झाडावर ढिगानं, खाली एक उतरेना. ऊन चढायला लागलं. कुणी म्हणालं, "लुनाचे हप्ते आम्ही भागवतो." तालमीतला एक मित्र म्हणाला, "टीमची काळजी करू नगंस." (त्या वेळीसुद्धा दोघंतिघं हसले, मला आठवतंय.) कावळा ढिम्म. शेवटी आण्णाआजोबा पुढं झाले. हात जोडले आणि म्हणाले, "पोरीला शिकवतो. तिला पाहिजे तेवढं शिकवतो. लग्नाची घाई करणार नाही." आणि कावळा आला.

आजी हे सांगते तेव्हा अजून तिच्या अंगावर काटा येतो. मला विचारशील तर आण्णा पुढं झाले तसे बाकीचे मागं सरले, कावळ्याला उतरायला जागा झाली. आत्मा, इच्छा, यातलं मला काही ठरवता येत नाही आणि तूही ठरवावंस असा माझा आग्रह नाही. पण पुढचं ऐक. बारावीनंतर मला एक चांगलं स्थळ आलं. सांगलीचं, बागायतदार. सगळे तयार. आण्णांच्या पदरात स्वतःच्या तीन मुली, पगार बेताचा, त्यांनी होकार दिला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "कावळ्यापुढं बोललोय." विषय बंद. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून भरली. आपण ब्रिस्टलमध्ये आहोत त्याची सुरुवात त्या घाटावर आहे, असं मला वाटतं. वकिलासमोर केलेला कागद असता तर त्यांनी इतका पाळला असता का, शंकाच आहे.

आता तू म्हणशील, मग सगळंच चांगलं होतं की. नव्हतं. त्याच आठवड्यात, त्याच माणसांनी, आजीच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. कुंकू पुसलं, जोडवी काढली. ती तेव्हा तिशीची होती. माझ्या हळदीच्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, मी ओढून आणायला गेले तर माझ्यावरच चिडली. मे २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ग्रामसभेत ठराव केला की या प्रथा बंद. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तो हाच आठवडा. ६ मे रोजी अख्खं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. (महाराजसुद्धा सत्तेचाळिसाव्या वर्षीच गेले. ते आणखी वीस वर्षं जगते तर, हा कोल्हापूरकरांचा आवडता विषय आहे. आण्णांना विचारू नकोस, जेवण गार होतं.) मी लगेच आजीला फोन लावला, म्हटलं, आता लाव कुंकू. ती म्हणाली, "आता कशाला? आरशात बघायची सवयच गेली."

म्हणजे आबा गेले त्या एकाच आठवड्यातल्या दोन गोष्टी. एक मी टाकून दिली, तुझ्या कानावरही पडू नये असं वाटतं. दुसरी इथं ब्रिस्टलमध्ये बसून करते, अळूची पानं मिळवायला दोन दुकानं पालथी घालते. एक सोडली आणि एक धरली, याला माझ्याकडं भक्कम कारण नाही. बाबा म्हणतो, सोयीचं तेवढं घेतेस. असेल. पण वर्षातून एक दिवस तांदळाची खीर, गवारी, भोपळा, कारलं, आमसुलाची चटणी करताना मी दुसरं काही करत नाही, फोन बघत नाही आणि त्या माणसाशी बोलते. तुझ्या बाबतीत काय शब्द द्यायचे राहिलेत तेही बघते. ते मला ओळखतील का, माहीत नाही. मीही त्यांना ओळखते असं नाही, तिसरीतल्या मुलीला बापाची काय ओळख असणार? ताट वाढताना थोडी होते.

आणि हो, सीगलनं खाल्लं तरी चालतं. आजीला विचारून घेतलंय. "तिकडचा कावळाच तो," म्हणाली.

पुढच्या वर्षी तुला थांबायचं नसेल तर थांबू नकोस, मैत्रिणीकडं जा. वडे ठेवीन. ऑगस्टमध्ये कोल्हापूरला गेलो की हे सगळं आण्णाआजोबांना विचार, कारण ते वेगळंच सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कावळा आधीच शिवून उडून गेला होता, ते बोलले नंतर. फक्त आजी जवळ नसताना विचार.

तुझी,
मम्मी