वाचकांचे प्रश्न : मुलाम्याला फुटणाऱ्या फांद्या

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये आमचे ॲसिड झिंक प्लेटिंगचे, म्हणजे आम्लयुक्त द्रावणातून विजेने जस्ताचा मुलामा चढवण्याचे, छोटे युनिट आहे. ऑर्डरची घाई असली की कारागीर रेक्टिफायरचे (वीज पुरवणाऱ्या यंत्राचे) अँपिअर वाढवतात आणि मग जॉबच्या (मुलामा द्यायच्या वस्तूच्या) कडा जळतात, म्हणजे तेथे काळपट, खरखरीत थर बसतो. क्वचित झुडपासारखे वाढलेले जस्तही दिसते. गुळगुळीत पत्र्यावर मुलामा असा फांद्या का फोडतो?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या प्रश्नात दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. कडांवर प्रवाह अधिक एकवटणे हा जॉबच्या आकाराचा आणि ॲनोडच्या (द्रावणातील धन टोकाच्या) मांडणीचा परिणाम आहे. तो मंद प्रवाहातही थोडाफार राहतोच. फांद्या फुटणे ही मात्र वाढत्या पृष्ठभागाची अस्थिरता आहे.

जॉबला लागून असलेल्या द्रावणाच्या पातळ थरातील जस्ताचे आयन मुलाम्यात खर्ची पडतात आणि त्यांची जागा घेणारे नवे आयन विसरणाने, म्हणजे बऱ्याच संथपणे, तेथे पोहोचतात. प्रवाह इतका वाढवला की पृष्ठभागालगत आयन उरतच नाहीत, तर योगायोगाने किंचित वर आलेला उंचवटा ताज्या द्रावणाच्या जवळ असल्यामुळे शेजाऱ्यांपेक्षा अधिक आयन मिळवतो, त्यामुळे आणखी उंच होतो आणि अधिकच मिळवू लागतो. या वाढीला लगाम घालतो तो पृष्ठताण, कारण फार बारीक टोके टिकवणे ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते. या दोहोंच्या ओढाताणीत एका ठरावीक रुंदीच्या सुरकुत्या सर्वांत वेगाने वाढतात. गोठणाऱ्या धातूच्या सपाट सीमेसाठी हे गणित विल्यम मलिन्स आणि रॉबर्ट सेकेर्का यांनी १९६४ मध्ये मांडले.

पृष्ठभागालगतचे आयन संपायला किती वेळ लागेल, याचे सूत्र हेन्री सँड यांनी १९०१ मध्येच दिले होते. न ढवळलेल्या द्रावणात हा वेळ प्रवाहघनतेच्या (ठरावीक क्षेत्रफळामागील प्रवाहाच्या) वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे अँपिअर दुप्पट केले की तो एक चतुर्थांशावर येतो. घाईत बॅच वाया जाते ती बहुधा येथेच. काळपटपणाचे कारण थोडे वेगळे आहे : आयन अपुरे पडल्यावर उरलेला प्रवाह हायड्रोजन सोडण्यात जातो, पृष्ठभागालगतची आम्लता घटते आणि जस्ताचे हायड्रॉक्साइड थरात अडकते.

उपाय त्यावरूनच निघतात. द्रावण हलते ठेवल्यास आयन कमी असलेला थर पातळ होतो. जस्ताचे प्रमाण राखले की पुरवठा टिकतो. ब्राइटनरमधील (मुलाम्याला चकाकी आणणाऱ्या मिश्रणातील) काही द्रव्ये उंचवट्यांवर चिकटून तेथील वाढ रोखतात. कडांसाठी मात्र जवळ एक जादा तार लावून तिच्यावर प्रवाह वळवावा लागतो. अँपिअर किती पेलतील, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा २६७ मिलिलिटरच्या हल सेलमध्ये, म्हणजे चाचणीची पट्टी तिरकी ठेवलेल्या छोट्या टाकीत, तपासावे. त्या एकाच पट्टीवर कमी-जास्त प्रवाहाचे सगळे परिणाम शेजारी शेजारी दिसतात.

प्रश्न : गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरची फुले याच कारणाने उमटतात का?
– एक वाचक, तुर्भे

उत्तर : होय, मात्र तेथे वीज नसते. सुमारे ४२० अंश सेल्सिअसला गोठणारे वितळलेले जस्त पत्र्यावर फांद्याफांद्यांनी पसरत स्फटिक बनवते आणि प्रत्येक फूल हा असा एक स्फटिक असतो. जस्तात थोडे शिसे किंवा अँटिमनी असल्यास फुले मोठी येतात. हे धातू नसल्यास पत्रा जवळजवळ कोरा दिसतो.