मामांसाठी गाडीतला जीपीएस: डब्लिनहून नेऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या दादाच्या वाढदिवसाची सगळी भानगड डोळ्यांपुढे उभी राहिली. तुम्ही आयर्लंडमध्ये, मामा टेक्सासमध्ये, निवृत्तीनंतर मामीला घेऊन गाडीने नॅशनल पार्क पालथी घालतायत, फोनवरचा नकाशा त्यांना अजिबात रुचत नाही, आणि डब्लिनच्या दुकानात सेल लागलाय म्हणून गाडीत लावायचा, रस्ता दाखवणारा जीपीएस तिथूनच घेऊन ख्रिसमसला नेऊ का, असं तुम्ही विचारलंय. बाकी सगळे कोणतं मॉडेल चांगलं यावर बोलतायत. माझ्या मते मॉडेल दुय्यम आहे. यंत्र ज्या देशात चालणार त्याच देशात विकत घ्या आणि नोंदणी मामांच्याच ईमेलवर होऊ द्या. एवढं सांभाळलंत तर गार्मिन कंपनीचं घ्या की टॉमटॉमचं, फार बिघडत नाही.

आमचं काय झालं ते सांगते. मी न्यू जर्सीत, दादा मँचेस्टरला. त्याच्या वाढदिवसाला मी असाच जीपीएस इथून घेऊन दिला. इथल्या दुकानातल्या माणसाने छातीठोकपणे सांगितलं की यात जगभराचे नकाशे येतात, नसतील तर फुकट उतरवून घेता येतात. दोन्ही खोटं. त्यात निघाले अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको. मँचेस्टरमध्ये पडद्यावर चार मोठे रस्ते दिसत होते आणि दादाच्या घराच्या जागी नुसता रिकामा रंग. युरोपचा नकाशा वेगळा विकत घ्यावा लागला आणि त्याची किंमत यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करणारी होती. बरं, घेतला. दादाने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या कार्डावर.

मग वॉरंटी संपायच्या आत पडदा गेला. इंग्लंडमधल्या सेवा-केंद्राने सांगितलं, जिथे घेतलं तिथे पाठवा. इथल्या केंद्राने सांगितलं, दुरुस्त करू, पण परत पाठवू फक्त अमेरिकेतल्या पत्त्यावर. ठीक, माझ्याकडे मागवलं. दुरुस्ती वगैरे काही झालीच नाही, त्यांनी बदली यंत्र दिलं. आणि खरा घोळ इथून सुरू झाला. विकत घेतलेला नकाशा त्या विशिष्ट यंत्राच्या क्रमांकाला बांधलेला असतो. बदली यंत्राचा क्रमांक वेगळा, म्हणजे नकाशा गेला. तो नव्या क्रमांकावर फिरवून द्यायचं काम फक्त ग्राहक-सेवा करू शकते. दादा फोन करायचा तर म्हणायचे, यंत्राचं बिल तुमच्या नावावर नाही. मी फोन करायचे तर म्हणायचे, नकाशाचं खातं तुमच्या नावावर नाही. दोघांनी एकत्र फोन करावा म्हटलं तर त्यांची वेळ आणि दादाच्या ऑफिसची वेळ जुळेना. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. एका बाईंनी तर मला "भेट दिलेल्या वस्तूंसाठी आमच्याकडे प्रक्रिया नाही" असं ऐकवलं. अहो, तुमचं दुकान डिसेंबरमध्ये चालतं कशावर मग? शेवटी वहिनी म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी स्वेटर आणा." ते यंत्र अजून त्यांच्या कपाटात पडून आहे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची आहे आणि आता नियम बदलले असतील. व्यक्तिगत संदेशात नाव विचारू नका, सांगणार नाही.

म्हणून तुमच्यासाठी: ऑर्डर अमेरिकेतल्या दुकानातून, पोचवायचा पत्ता मामांचा, सोबत गिफ्ट रिसीट (किंमत न छापलेली पावती), आणि मूळ बिलाची प्रत मामांच्या ईमेलवर. तुम्ही आधी उघडून, सगळं लावून, पुन्हा गुंडाळून देण्याच्या मोहात पडू नका. खातं तुमच्या नावाने उघडलं की पुढची सगळी वर्षं मामांचे फोन तुम्हाला येणार. ख्रिसमसला त्यांच्याशेजारी बसून वाय-फायवर पहिलं अपडेट करून द्या. ते संपायला तास-दोन तास लागू शकतात, तेवढ्यात जेवण उरकून घ्या.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: सत्तरीच्या माणसाला ७ इंच. ५ इंची पडद्यावर चौकातल्या वळणाची अक्षरं वाचायला चष्मा वर-खाली करावा लागतो. ८ इंचीही मिळतो, पण तो समोरचा रस्ता खातो. मामा कॅलिफोर्नियात जाणार असतील तर तिथे काचेवर कुठे आणि केवढं लावायचं याचा कायदा आहे: ड्रायव्हरच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ५ इंचांचा चौकोन, पलीकडच्या कोपऱ्यात ७ इंचांचा, आणि एअरबॅगच्या वाटेत नाही. त्यापेक्षा डॅशबोर्डवर ठेवायचा वजनदार स्टँड वेगळा घेऊन द्या. टेक्सासच्या उन्हात काचेवरचा सक्शन कप तसाही कधी ना कधी गळून पडतो.

आणि ती चार्जिंगची वायर! बऱ्याच गार्मिन मॉडेलांत ट्रॅफिकची माहिती पकडणारा रिसीव्हर वायरमध्येच असतो. बरीच माणसं मूळ वायर खोक्यात ठेवून फोनची वायर लावतात आणि मग ट्रॅफिक दिसत नाही म्हणून यंत्राला नावं ठेवतात. मामांना बजावून सांगा. बॅटरीच्या भरवशावरही राहू नका, ती जेमतेम तासभर टिकते. सगळा कारभार गाडीच्या सॉकेटवर.

एकाने जुनं, वापरलेलं स्वस्तात घ्या असं सुचवलंय. भेट म्हणून नको. जीपीएसमधला आठवडे मोजणारा आकडा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो. ६ एप्रिल २०१९ ला तसं झालं तेव्हा अपडेट न मिळालेल्या काही जुन्या यंत्रांच्या तारखा भलतीकडे गेल्या, काही रस्ताच दाखवेनाशी झाली. शिवाय जुन्यात साठवण एवढीशी की नवा नकाशा मावतच नाही, वेगळं मायक्रोएसडी कार्ड घाला. खोक्यावर "लाईफटाईम मॅप्स" (आयुष्यभर नवे नकाशे) छापलंय म्हणून हुरळून जाऊ नका. तो काळ यंत्राचा, तुमचा-आमचा नव्हे. २०१८ मध्ये टॉमटॉमने काही जुन्या मॉडेलांचे नकाशे देणं थांबवलं तेव्हा लोक किती चिडले होते.

"फोन असताना हे कशाला" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते की टेक्सासमधल्या बिग बेंड नॅशनल पार्कला जाऊन या. नेटवर्क बहुतेक ठिकाणी नाही. ऑफलाइन नकाशा आधी उतरवून ठेवता येतो हे खरं, पण तो कोण उतरवणार? मामा? मात्र यंत्रावर आंधळा विश्वासही नको. डेथ व्हॅलीचं पार्क प्रशासन स्वतःच सांगतं की तिथे जीपीएसवर विसंबू नका, कारण बंद पडलेले कच्चे रस्तेही ते चालू म्हणून दाखवतं. सेटिंगमध्ये कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी चालू करून द्या. आणि पार्कच्या दारात मिळणारा कागदी नकाशा मामीच्या हातात. (मामी नकाशा वाचण्यात मामांपेक्षा तरबेज असणार, पैज लावते.)

मामांकडे आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) असेल तर मात्र आरव्हीचंच मॉडेल घ्या. त्यात गाडीची उंची, वजन भरता येतं आणि ते बुटक्या पुलांखालून नेत नाही. साध्या गाडीला ते घेऊन जादा पैसे घालवू नका.

एक विषयांतर, पण महत्त्वाचं. दुकानदार उत्साहाच्या भरात इनरीच नावाचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं उपकरण दाखवेल. मामांसाठी वाळवंटात ते कामाचं आहे, नाही म्हणत नाही. पण ते बॅगेत टाकून मामा गावी, भारतात आले तर पंचाईत. आपल्याकडे परवानगीशिवाय अशी उपग्रह-संपर्काची साधनं बाळगणं बेकायदा आहे. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गोव्यात दाबोळी विमानतळावर एका परदेशी पर्यटक बाईंना याच कारणावरून पकडलं होतं. गाडीतला साधा जीपीएस ही वेगळी वस्तू आहे, दोन्हींची गल्लत करू नका.

मामांची गाडी कोणती आणि कोणत्या सालची ते लिहिलं नाहीत. आरव्ही आहे की साधी, आणि डॅशबोर्ड सपाट आहे की उतरता, ते कळवलंत तर स्टँड कोणता ते सांगते.