प्रागच्या पावसात फोटो काढायचे तर एका वळचणीला उभं राहा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नोव्हेंबरात पाच दिवस प्रागला जाताय, पाचही दिवस पावसाचा अंदाज आहे आणि परत आल्यावर त्या फोटोंवरून पुढच्या दिवाळी अंकासाठी कथा लिहायची आहे. मागच्या प्रवासात हजारभर फोटो काढूनही एक ओळ सुचली नाही, म्हणून या वेळी कोणती लेन्स न्यावी असं विचारलंय. मी सहा वर्षं प्रागमध्ये राहते आहे. त्याआधीचं सगळं आयुष्य चिपळूणला गेलं. लेन्सचं नंतर सांगते. आधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे: पाऊस लागला की फिरू नका. एका जागी थांबा.

इथल्या पहिल्या नोव्हेंबरात मी यादी करून फिरत होते. पूल, किल्ला, घड्याळ, पुन्हा पूल. एका संध्याकाळी माला स्त्राना या किल्ल्याच्या पायथ्याच्या जुन्या वस्तीतल्या चौकात वाऱ्याने छत्री उलटी झाली आणि मी तिथल्या कमानींखाली शिरले. त्या चौकातल्या जुन्या घरांचा तळमजला रस्त्याच्या अंगाला कमानींवर तोललेला आहे आणि खालून पायवाट जाते. मुंबईत दादाभाई नौरोजी रोडवर आपण कमानींखालून चालतो ना, तसंच. समोर बावीस नंबरच्या ट्रामचा थांबा. माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या, हातात पांढऱ्या कागदात बांधलेला, वर दोऱ्याची गाठ मारलेला केकचा पुडा. बावीस नंबर आली. आजी हलल्या नाहीत. दुसरी आली, तिसरी आली. तिसरी गेल्यावर त्यांनी पुड्यावरचं पाणी हातमोज्याने टिपलं आणि आल्या होत्या त्याच वाटेने परत गेल्या.

मी पाच फोटो काढले. एकातही त्यांचा चेहरा नाही. एकात फक्त तो हातमोजा, ओला कागद आणि मागे ट्रामच्या खिडक्यांचा पिवळा पट्टा. त्या एका फोटोवरून लिहिलेली कथा सतरा पानांची झाली. केक कोणासाठी होता, त्या का गेल्या नाहीत, आता घरी जाऊन तो कापतील का? पुलाच्या चारशे फोटोंनी मला असा एकही प्रश्न विचारला नव्हता. इमारतीला पावसाने काही फरक पडत नाही. माणसाचा बेत मात्र पावसाने बदलतो, आणि लिहिणाऱ्याला हवा असतो तो नेमका हा बदललेला बेत.

थांबण्याचं महत्त्व ज्याच्याकडून शिकावं तो माणूस प्रागचाच. योसेफ सुदेक. जन्म १८९६, मृत्यू १९७६. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, तरी तिपाईवरचे मोठे, जड कॅमेरे घेऊन एका हाताने आयुष्यभर फोटो काढत राहिला. ऊयेज्द रस्त्यावर एका इमारतीच्या मागच्या अंगणात त्याचा लाकडी स्टुडिओ होता, शेडच म्हणा ना. १९४० पासून पुढे बरीच वर्षं त्याने त्या शेडच्या खिडकीचे फोटो काढले. शहरावर जर्मनांचा ताबा होता, रस्त्यावर कॅमेरा घेऊन हिंडणं अवघड होतं. मग त्याने खिडकीलाच विषय केलं. काचेवरचे थेंब, आतल्या उबेने धरलेलं धुकं, ओघळ आणि पलीकडे अंगणातलं एक वेडंवाकडं झाड, कधी फुललेलं, कधी निष्पर्ण. मूळ शेड जळून गेली, पण त्याच जागी तशीच पुन्हा बांधली आहे आणि आता तिथे छोटी प्रदर्शनं लागतात. तुमच्या यादीतल्या दोन जागा खोडा, पण ही पाहा. किल्ल्यावर पुन्हा केव्हाही जाता येईल. एवढीशी खिडकी एका माणसाला इतकी वर्षं कशी पुरली, हे तिथे उभं राहिल्यावर अंगावर येतं.

आता पावसाबद्दल. प्रागमध्ये वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. चिपळूणला तीन हजारांच्या वर. म्हणजे आपल्या मापाने तो पाऊसच नव्हे, आणि जोराच्या सरी पडतात त्याही उन्हाळ्यात. नोव्हेंबरात असते ती भुरभुर: तासन्‌तास, आवाज न करता, छत्री उघडावी की नाही असा प्रश्न पडणारी. फोटोत हा पाऊस दिसत नाही, त्याने जिथे हात फिरवला तेवढंच दिसतं. म्हणून थेंब शोधू नका. ओला झालेला दगड शोधा, कोटाच्या खांद्यावरचे मण्यांसारखे कण शोधा, पत्र्याच्या पन्हळीतून पडणारी धार शोधा. आपल्या भाषेत पावसासाठी किती शब्द आहेत! सर, झड, रिमझिम, भुरभुर, संततधार, पागोळ्या, उघडीप. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा आणि प्रत्येक फोटोखाली नेमका शब्द टाका. मला तर उघडीप सगळ्यांत मोलाची वाटते. पाऊस थांबल्यानंतरची ती दहा मिनिटं. छत्र्या मिटत असतात, दुकानदार दारातलं पाणी झाडूने लोटत असतो, बारीक चौकोनी दगडांच्या पदपथावर सगळं आकाश उतरलेलं असतं. बहुतेक लोक तेव्हा कॅमेरा पिशवीत टाकतात. तुम्ही तेव्हा बाहेर काढा.

या शहराची पाण्याशी असलेली जुनी ओळख माहीत असली तर फोटोंना खोली येते. आजच्या चार्ल्स ब्रिजच्या आधी तिथे युडिथचा पूल होता. १३४२ च्या पुरात तो गेला, म्हणून १३५७ मध्ये नव्याचा पाया घातला. त्या पुलाच्याही तीन कमानी १८९० मध्ये व्लतावा नदीने पुरात नेल्या. जुन्या शहराच्या बाजूला, पुलाजवळ, काठाच्या भिंतीत एका दाढीवाल्या माणसाचं दगडी मुंडकं आहे. त्याला ब्रादाच म्हणतात, म्हणजे दाढीवालाच. ते जुन्या पुलावरून आलं. पाणी त्याच्या दाढीला कुठवर लागलं यावरून लोक पुराचा अंदाज करत आणि डोक्यावरून गेलं की जुन्या शहराच्या चौकात होड्या चालतात, असं इथे सांगतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी कॅमेरा खाली ठेवला. आमच्याकडे चिपळूणला बाजारपेठेत भिंतींवर २००५ च्या पुराचं पाणी कुठवर होतं, २०२१ चं कुठवर, हे अजून बोटाने दाखवतात. कांपा बेटावर घरांच्या भिंतींवर अशाच खुणा आहेत, ऑगस्ट २००२ च्या पुराचीही आहे. तिथे खूण, तिच्याखाली बसलेला माणूस आणि पाठीमागे शांत वाहणारी नदी एका चौकटीत मिळाली, तर पुढचं लिहायला काही शोधावं लागणार नाही.

पुलावर जायचंच असेल तर पहाटे जा. पुतळे तीस आहेत, सगळे टिपायचा हट्ट नको. पुलाच्या वरच्या अंगाला नदीत बंधारा आहे, त्याचा आवाज पहाटे स्पष्ट येतो. तो वहीत लिहा, कारण फोटोत तो येणार नाही आणि कथेत लागेल. पुलावर गॅसचे दिवे आहेत. ॲडव्हेंट, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू होईपर्यंत तिथे असाल तर संध्याकाळी जुन्या पोशाखातला माणूस काठीने ते लावताना दिसेल. दृश्य सुंदर आहे, पण भोवती पन्नास मोबाइल असतात. दिव्याकडे पाठ करा आणि ओल्या दगडावर पडलेला त्याचा उजेड घ्या.

याच पुलावर खगोलशास्त्रज्ञ केप्लरच्या कोटावर हिमाचे कण पडले आणि प्रत्येक कण सहा कोनांचाच का, या प्रश्नावर त्याने १६११ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहून मित्राला नववर्षाची भेट दिली. भोवती एवढं शहर असताना त्याने पाहिली ती स्वतःची बाही.

एक विनंती. रस्त्यात काही दारांसमोर पितळेच्या लहान चौकोनी पाट्या दगडांत बसवलेल्या दिसतील. नाझींनी नेलेल्या माणसांची नावं आहेत ती, त्यांच्या घरासमोर. ओल्या फरसबंदीत त्या फार झळाळतात आणि हात आपोआप कॅमेऱ्याकडे जातो. फोटो काढा, पण त्या नावावर कल्पित कथा रचू नका. ती माणसं खरी होती. तुमच्या पात्राला त्या पाटीपाशी क्षणभर थांबू द्या, तेवढं पुरे.

आता लेन्स. ३५ किंवा ५० मिलिमीटरची एकच न्या, जमल्यास एफ २ किंवा त्याहून मोठ्या छिद्राची. पावसात लेन्स बदलत बसण्यात हाल आहेत. नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, त्यानंतरचा अर्धा तास आकाश निळं आणि दिवे पिवळे असतात. दोन्ही रंग हवेत, म्हणून व्हाइट बॅलन्स (फोटोतली रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर न ठेवता चार हजार केल्विनच्या आसपास बांधून टाका. पोलरायझर फिल्टर घरी ठेवा, तो नेमकी ओल्या दगडावरची चमक खातो. अंधाऱ्या ओल्या रस्त्यावर कॅमेरा फसतो आणि फोटो उजळ करतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा उजेड, पाऊण ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). पडता पाऊस दाखवायचाच असेल तर दिवा थेंबांच्या मागे हवा, त्यामागे काळोख हवा आणि शटर एक-साठांश ते एक-सव्वाशेअंशच्या दरम्यान. थेंबांच्या रेघा होतात. लेन्सहूड लावून ठेवा, सुती रुमाल दोन न्या. आणि थंडीतून एकदम उबदार कॅफेत शिरताना कॅमेरा पिशवीत चेन लावून बंद ठेवा, अर्धा तास बाहेर काढू नका, नाहीतर काचेवर वाफ धरते. माझी एक अख्खी संध्याकाळ अशी गेली आहे. मोबाइलच असेल तरी बिघडत नाही. भिंग पुसा आणि सर्वांत उजळ जागेवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा.

पाच दिवसांचं मी असं करेन: पहिला दिवस मोकळं फिरणं, एक वळचण निवडणं. माला स्त्रानाच्या चौकातल्या त्या कमानी चांगल्या, पण तुमची तुम्ही शोधा. पुढचे तीन दिवस संध्याकाळी साडेतीन ते साडेपाच तिथेच. रोज वीसपेक्षा जास्त फोटो नकोत. प्रत्येकाखाली तीन ओळी: आता काय ऐकू आलं, कशाचा वास होता आणि हे दिसण्याआधी काय घडलं असेल. तिसऱ्या दिवशी तुम्हाला तिथली माणसं ओळखू येऊ लागतील. कुत्रा घेऊन येणारा, रोज त्याच वेळी धावत ट्राम पकडणारी, दुकानाची फळी आत घेणारा. पाचव्या दिवशी कॅमेरा हॉटेलवर ठेवून फक्त वही घेऊन जा.

परत आलात की कच्चा खर्डा इथे टाका, फोटो नसले तरी चालेल. मी वाचेन.