व्हिडिओ पाहिला, गणित सुटलं का?

कापसाची वेचणी संपत आली, बोर्डाची परीक्षा तोंडावर आली, की विद्यार्थ्यांचे आणि पालकांचे तेच ते प्रश्न येऊ लागतात. व्हिडिओ पाहून विज्ञान-गणित होतं का, हा त्यातला मुख्य. पुन्हा एकदा उत्तरं देतो.

प्रश्न : मी मराठी माध्यमात दहावीला आहे. गावात शिकवणी नाही, म्हणून हिंदी व्हिडिओ पाहते. चालेल का? (तालुका धारणी)

समजून घ्यायला चालेल, पण पेपर पुस्तकातल्या शब्दांत लिहायचा. आपलं वर्गसमीकरण तिथे द्विघात समीकरण होतं, अंकगणिती श्रेढी समांतर श्रेढी होते आणि अप्रकट उष्म्याला गुप्त ऊष्मा म्हणतात. आपल्याकडे सरासरी म्हणजे मध्य आणि मधली किंमत म्हणजे मध्यक. हिंदीत सरासरीला माध्य म्हणतात. घाईत ऐकलं की माध्य म्हणजे मध्यक वाटतो, इथेच गल्लत होते. शिवाय हे व्हिडिओ बहुतेक सीबीएसईचे असतात. तुझ्या बीजगणितातलं अर्थनियोजन, जीएसटीची गणितं, त्यात मिळणार नाहीत. उलट गोलीय आरशांवर तू चार संध्याकाळी घालवशील, आणि ते तर नववीतच झाले. आधी बालभारतीच्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर ठेव, मग व्हिडिओ शोध. पुस्तकातला क्यूआर कोडही स्कॅन करून बघ. कोणता धडा कशावरून करायचा, हे विज्ञानाच्या बाईंना एकदा विचारून घे.

प्रश्न : दुप्पट वेगाने पाहिलं तर वेळ वाचेल का? (आर्वी)

उजळणीला ठीक, नवीन धड्याला नाही.

प्रश्न : व्हिडिओ पाहताना सगळं समजतं. सराव परीक्षेत मात्र गणित सुटत नाही. माझी बुद्धी कमी आहे का? (तालुका दारव्हा)

बुद्धीचा यात काही संबंध नाही, बाळा. हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी माझा जीव तुटतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

भिंगाचं साधं गणित घे. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर 10 सेमी, वस्तू 30 सेमीवर. प्रतिमा कुठे? व्हिडिओतले सर वस्तूच्या अंतराला ऋण चिन्ह देतात, 1/10 मधून 1/30 वजा करतात आणि उत्तर येतं 15 सेमी. तू मान डोलावतोस. पण या गणितात खरी अडचण एकाच जागी होती, चिन्ह कोणतं द्यायचं. ते सरांनी ठरवलं, तू नाही. परीक्षेत तू चिन्ह विसरतोस, दोन्ही अपूर्णांक मिळवतोस आणि 7.5 सेमी लिहून येतोस. सूत्र पाठ होतं, आकडेमोड बरोबर होती, तरी उत्तर चुकलं. दुसऱ्याला विहिरीत पोहताना काठावरून पाहून कोणाला पोहता आलंय का?

म्हणून व्हिडिओत उदाहरण पडद्यावर आलं की तिथेच थांबव. वहीत उतर. फोन पालथा ठेवून स्वतः सोडव, अर्धंच सुटलं तरी चालेल. मग पुढचं बघ आणि तुझी कोणती ओळ चुकली तिथे लाल खूण कर. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच गणित कोऱ्या पानावर, काहीही न बघता. यात दहा मिनिटांच्या व्हिडिओला पाऊण तास लागेल, लागू दे. आणि लाल खुणांची वही घेऊन शाळेत सरांकडे जा. ‘भिंगं समजत नाहीत’ असं म्हणू नकोस. ‘या ओळीवर अडलो’ असं म्हण, सर दोन मिनिटांत सांगतील.

प्रश्न : घरात एकच फोन. बाबा वावरात नेतात, रात्री नऊनंतर मिळतो. (तालुका चिमूर)

दिवसा पुस्तक वाचून शंका लिहून काढ. रात्री फक्त त्या शंकांपुरता व्हिडिओ बघ. रेंज असेल तेव्हा तो उतरवून ठेव. रात्री फोन बघून डोकं दुखत असेल तर बाजारातला चष्मा नको, ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घे.

प्रश्न : प्रयोगांचे व्हिडिओ पाहिले तर प्रात्यक्षिकाला पुरेल का? (तालुका मूल)

नाही. विज्ञानाचे 20 गुण प्रात्यक्षिकाचे आहेत. शाळेत प्रयोग झाले नसतील तर मुख्याध्यापकांना आजच भेटा.

प्रश्न : ‘हमखास येणारे 50 प्रश्न’ आणि फुटलेला पेपर पैसे देऊन मिळतो म्हणतात. घेऊ का? (पुसद)

अजिबात नाही. ही सरळ फसवणूक आहे, आणि पेपरफुटीच्या भानगडीत सापडलास तर परीक्षाच हातची जाईल. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शाळेतून घे.

प्रश्न : मुलगी अकरावी विज्ञानला आहे. एका कंपनीचा माणूस घरी आला. टॅबलेट आणि दोन वर्षांचे व्हिडिओ, दरमहा हप्ता. ‘आज सही केली तरच सूट’ म्हणतो. (पालक, मोर्शी)

आजच सही करा म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. असा हप्ता बहुधा कर्जाचा असतो. मुलीने महिन्याभरात टॅबलेट बाजूला ठेवला तरी तुमच्या खात्यातून पैसे जातच राहतात. आधी तिला विचारा, इंजिनिअरिंगची सीईटी द्यायची की मेडिकलची ‘नीट’ परीक्षा. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, नीटमध्ये एक गुण कापतात; सराव वेगळा लागतो. तिच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या सरांना ते व्हिडिओ दाखवा. करारनाम्याची प्रत मागा, ती बँकेतल्या साहेबांकडून वाचून घ्या, आणि रद्द करायचं झालं तर पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे लेखी घेतल्याशिवाय आधार कार्डाची झेरॉक्स कोणाच्या हातात देऊ नका.