सरत्या वर्षात तुम्ही काय मिळवलं? माझं वर्ष वायाच गेलंय असं वाटतं, मग आढावा घ्यायचा तरी कसा?

प्रश्नाखाली विचारणाऱ्याने लिहिलंय की बढती झाली नाही, स्पर्धा परीक्षेत थोडक्यात नंबर हुकला, मित्रमंडळी डिसेंबर सरताना आपापल्या यशाच्या याद्या टाकतायत आणि माझ्याकडे सांगायला काहीच नाही. एरवी अशा प्रश्नांवर मी लिहीत नाही. पण नंबर हुकल्याचं वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच नंबरावरून माझं आणि माझ्या थोरल्या भावाचं लहानपणापासून वाजत आलंय.

आधी माझं सांगते. या वर्षी मी सायकलवर 300 किलोमीटरची बीआरएम वेळेत पूर्ण केली. वय 52, राहणार सातारा, नोकरी बँकेत, दिवसभर खुर्चीत. नोकरीत आजवर मिळालेल्या कुठल्याही बढतीपेक्षा मी हे मोठं मानते.

सायकलवाल्यांना बीआरएम सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: बीआरएम म्हणजे ठरलेलं लांबचं अंतर ठरलेल्या वेळेच्या आत सायकलने पूर्ण करायचं. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब 1921 पासून ही पद्धत चालवतो आणि आता ती आपल्याकडेही चांगली रुजलीय. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. जेवण, पंक्चर, रस्त्याकडेला पाठ टेकणं, सगळं त्यातच बसवायचं. मागून गाडी घेऊन कुणी मदतीला यायचं नाही. ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेआधी पोचल्याचा पुरावा जपायचा: प्रत्येकाजवळच्या नोंदीच्या कार्डावर शिक्का, नाहीतर एटीएमची स्लिप, नाहीतर दुकानाचं बिल. आणि यात पहिला-दुसरा नसतो. बारा तासांत आलेला आणि विसावा तास संपता संपता आलेला, दोघांचीही नोंद सारखीच.

आमचा रस्ता पुण्याहून महामार्गाने साताऱ्यापुढे उंब्रजच्या जरा पलीकडे आणि तसंच परत असा होता. सकाळी सहाला सुटायचं, रात्री दोनच्या आत पोचायचं. मी आदल्या दिवशीच पुण्याला दादाकडे मुक्कामाला गेले.

जाताना खंबाटकीचा घाट चढावा लागला, येताना बोगदा होता. गाडीत बसून घाट कधी संपला कळतही नाही. सायकलवर त्याचं एकेक वळण वेगळं ओळखीचं होतं. भरलेले ट्रक तिथे जवळजवळ आमच्याच वेगाने चढतात. एका ट्रकचा क्लीनर बराच वेळ माझ्या बाजूने होता, शेवटी दारातून वाकून म्हणाला, "मावशी, दोरी टाकू का?" मी हात हलवून नको म्हटलं. पाय खाली न टेकता वर गेले. वरून उतार लागला तेव्हा मी मोठ्याने ओरडले, आणि ऐकायला आसपास कुणी नव्हतं याचं वाईट वाटलं.

उंब्रजच्या पुढच्या ठिकाणी दुपारी चारच्या आत पोचायचं होतं. मी तीनच्या सुमारास पोचले, एटीएममध्ये कार्ड घातलं, शंभर रुपये काढले. पैसे आले, स्लिप नाही आली. मशिनमधला कागद संपलेला. मी बँकेतली आहे, कागदाची गुंडाळी बदलायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, म्हणून जास्त चिडले. आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, जागा आणि वेळ लिहिलेलं कुठलंही बिल चालेल. शेजारी चहाची टपरी होती. तिथे बिल मागितलं तर टपरीवाले काका बघतच राहिले. दहा रुपयांच्या चहाचं बिल त्यांच्याकडे जन्मात कुणी मागितलं नसेल. त्यांची मुलगी बाकड्यावर अभ्यास करत बसली होती. तिने मला आधी नीट विचारून घेतलं की नेमकं काय काय लिहायचंय. मग वहीचं पान पट्टी लावून फाडलं, वर गावाचं नाव, तारीख, वेळ, खाली 'चहा 2, पारले-जी 1', त्याखाली वडिलांची सही. एवढ्यावर तिचं समाधान होईना. पलीकडच्या किराणा दुकानात पळत गेली आणि पानावर दुकानाचा शिक्का मारून आणला. माझ्या सगळ्या कागदांत तेवढा एकच कागद असा आहे की ज्यावर कुणी माझ्यासाठी मन लावून काम केलंय. एटीएमच्या स्लिपा वर्षभरात फिक्या होऊन कोऱ्या होतात. हा कागद जसाच्या तसा आहे.

परतीला सातारा लागतं. बॉम्बे रेस्टॉरंट चौकापासून माझं घर सायकलवर दहा मिनिटं. संध्याकाळ झालेली, अजिंक्यतारा समोर, मांड्या भरून आलेल्या, आणि अजून शंभरावर किलोमीटर बाकी. यांना मी आधीच बजावून ठेवलं होतं की चौकात येऊन उभं राहायचं नाही, मला बघवणार नाही. ते आले नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं ऐकलं अशा गोष्टींत ही मी फार वरची धरते.

रात्री बोगदा ओलांडून शिरवळच्या अलीकडे मागचं चाक बसलं. महामार्गावर ट्रकचे टायर फुटले की त्यांतल्या पोलादी तारांचे बारीक तुकडे कडेला पसरतात, आणि सायकल तर कडेनेच जाणार. नुसती ट्यूब बदलून निघाला तर ती तार टायरमध्येच राहते आणि पुढच्या काही किलोमीटरांत नवी ट्यूबही जाते. पेट्रोलपंपाच्या उजेडात बसून मी टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत ती तार शोधली. बोटाला टोचते पण डोळ्यांना दिसत नाही. भुवया करायचा चिमटा मी हत्यारांच्या पिशवीत ठेवते, त्याने ओढून काढली. पंपावरचा मुलगा मोबाइलची बॅटरी धरून उभा होता. म्हणाला, "काकू, तुम्ही हे कुठं शिकलात?" आमच्या पेठेतल्या सायकलच्या दुकानात, रविवार सकाळी, स्टुलावर बसून शिकले. त्या दुकानदारांनी शिकवायचे पैसे घेतले नाहीत.

शिवापूरपासून कात्रजचा चढ अंगावर आला, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मान खाली घालून पायडल मारायचं. दोन वाजायच्या आत पोचले, कार्ड दिलं, वहीचं पानही दिलं. आयोजकांनी ते वाचलं, फोटो काढून घेतला आणि मला परत दिलं.

दादाच्या घरी वहिनी जागी होती. काही न विचारता वरणभात गरम करून पुढे ठेवला आणि मी जेवेपर्यंत सगळं ऐकून घेतलं. सकाळी दादा पेपर घेऊन चहाला बसला. त्याचा पहिला प्रश्न, "मग, नंबर कितवा?"

मी म्हटलं, नंबर नसतो.

"म्हणजे सगळेच पास? मग उपयोग काय त्याचा?"

आता हे इतकं लागलं का, ते सांगते. दादा शाळेत कायम पहिल्या पाचात. दहावीला त्याचा तालुक्यात नंबर आला म्हणून वडिलांनी त्याला नवी कोरी सायकल घेतली. मी मागे लागले तेव्हा उत्तर मिळालं, तुझाही नंबर आला की तुलाही घेऊ. माझा नाही आला. मला गुण चांगले होते, पण नंबर नाही, म्हणून सायकल नाही. दुपारी दादा झोपला की मी त्याची सायकल काढायचे. नळीवरून पाय पोचत नव्हता म्हणून नळीखालून पाय घालून, वाकडी होऊन चालवायला शिकले. माझी स्वतःची पहिली सायकल मी पगारातून घेतली, तेव्हा लग्न होऊन मुलगी शाळेत जायला लागली होती. म्हणजे ज्याला हवी त्याच्यासाठी सायकल नाही, ज्याचा नंबर त्याच्यासाठी सायकल. हा हिशेब मला तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही.

तर विचारणाऱ्या भावा किंवा ताई, तुमच्याबद्दल. दुसऱ्याने लावलेल्या रांगेत आपण कुठे उभे आहोत हे वर्षाच्या आढाव्यात धरूच नका. राज्यसेवेला लाखांनी अर्ज येतात आणि जागा शेकड्यांनी निघतात. त्यात नाव न येणाऱ्या सगळ्यांचं वर्ष वाया गेलं असं म्हणायचं असेल तर निम्म्या महाराष्ट्रातल्या पोरांचं आयुष्यच वाया गेलं म्हणा. तुम्ही वर्षभर रोज उठून अभ्यासाला बसलात की नाही, एखादा विषय आधी डोक्यावरून जायचा तो आता दुसऱ्याला शिकवता येतो की नाही, हे लिहा. बँकेत पासबुक भरून घेतलं की माणसं शेवटची शिल्लक बघून निघून जातात. पण खातेदाराचं वर्ष कसं गेलं ते मधल्या नोंदी वाचल्यावर कळतं: फी भरलेली, दवाखान्याचं बिल, दर महिन्याला न चुकता टाकलेले पाचशे रुपये. तुमच्या वर्षाच्या मधल्या नोंदी काढा. तारखेनिशी काढा, नाहीतर मन आपल्या सोयीचं तेवढंच आठवतं, आणि खचलेल्या मनाला फक्त हुकलेलं आठवतं.

दुसरं, डिसेंबरातच हिशेब का? आमचं बँकेचं वर्ष 31 मार्चला संपतं. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वह्या पुजतो. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. बीआरएमचा हंगाम नोव्हेंबर ते ऑक्टोबर असतो. तुमच्या परीक्षेचं वेळापत्रक कसलं असेल त्याप्रमाणे तुमचं वर्ष धरा. मित्रांनी याद्या टाकल्या म्हणून आपणही त्याच आठवड्यात स्वतःला तराजूत घालायचं, हे मला अजिबात मान्य नाही.

आणि उपयोग काय, या प्रश्नाला उत्तर द्यायला मी बांधील नाही. तुम्हीही नाही. दादाला मी त्या सकाळी म्हटलं ते इथेही लिहिते: 1891 पासून पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची बाराशे किलोमीटरची सायकलवारी चालू आहे, आता ती दर चार वर्षांनी होते, 2023 ला झाली, पुढची 2027 ला. तिथे जगभरातून हजारोंनी माणसं येतात, नव्वद तासांत पूर्ण करायला झटतात, आणि त्यांतला कुणीही बक्षिसाच्या रकमेसाठी येत नाही, कारण तसं बक्षीसच नाही. एवढी सगळी माणसं बिनउपयोगाचं काम करायला इतक्या लांब जातात असं समजायचं का? यावर दादाने पेपर उलटला. वहिनी मात्र म्हणाली, "तिचं ते वहीचं पान बघा एकदा." त्याने पाहिलं. बोलला काही नाही.

काही गोष्टी लिहायच्या राहिल्या, त्या लिहिते. दादा वाईट माणूस नाही. वडील गेल्यावर घरावरचं कर्ज त्याने एकट्याने फेडलं, माझ्या लग्नाचा खर्चही त्यातच होता. त्याला नंबराचीच भाषा शिकवली गेली, त्यात त्याचा दोष किती ते मला सांगता येत नाही. हे वाचून कुणी उठून थेट 300 ला जाऊ नका. डॉक्टरांकडून तपासणी करून घ्या, आधी 200 करा, हेल्मेट, मागचा-पुढचा दिवा आणि चमकणारं जाकीट याशिवाय रात्री महामार्गावर पाऊल टाकू नका. बोगदा ओलांडल्यावरचं वळण किती वाईट आहे हे साताऱ्याकडच्यांना सांगायला नको. आणि माझी मुलगी मोठी झालीय, हे घरचं बघतात, म्हणून मला सराव करता येतो. ज्या बाईच्या कडेवर मूल आहे आणि घरात आजारी सासू आहे तिने वर्ष काढलं हीच कामगिरी, तिला यादी मागायचा कुणालाही अधिकार नाही. ज्यांचं वर्ष दवाखान्यात गेलं त्यांनाही तेच.

प्रश्नात शेवटी विचारलंय की नव्या वर्षाचा संकल्प करावा का. माझं मत, संकल्प करू नका, नाव नोंदवा. परीक्षा असेल तर अर्ज भरा, सायकल असेल तर पैसे भरून जागा पक्की करा, मग तारीखच तुम्हाला पहाटे उठवते. मी 400 साठी नाव दिलंय, 27 तासांची. तीही पुण्याहूनच सुटते. आदल्या रात्रीचा मुक्काम दादाकडे, तसं वहिनीला कळवून झालंय.