शबल: बळाशी काडीचा संबंध नाही

‘भावशबलता’ म्हणजे भावनांचा जोर का, असं विचारलंय. जोराचा इथे काडीचा संबंध नाही. भाषणांतून, परीक्षणांतून सर्रास ‘भावसबलता’ कानावर पडते, घोटाळा तिथूनच सुरू होतो. सबल म्हणजे बळ असलेला. शबल म्हणजे कबरा, बांडा, एका अंगावर दोन रंग मिसळलेला. एक भाव उमटतो न उमटतो तोच त्याला दाबून दुसरा, त्याला ढकलून तिसरा, ही भावशबलता. झालं.

ठिपके की पट्टे, ते हा शब्द सांगत नाही. अमरकोश चित्र, किर्मीर, कल्माष, शबल, एत आणि कर्बुर यांना एकाच ओळीत कोंबून मोकळा होतो. (आपला ‘कबरा’ त्या कर्बुराच्याच घरचा.) वसिष्ठांच्या गाईचं नावही शबला. पण खरी मौज यमाच्या कुत्र्यांत आहे. ऋग्वेद १०.१४.१० मध्ये ते दोघे ‘चतुरक्षौ शबलौ’ आहेत. चार डोळे म्हटल्यावर लगेच राक्षस कशाला उभा करायचा? काळ्या कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपका असतो, तेच वरचे दोन डोळे. प्रेताला कुत्रा दाखवण्याच्या पारशांच्या सगदीद विधीतही चार डोळ्यांच्याच कुत्र्याला मान. आता अशा कुत्र्यात पट्ट्यांचं जनुक आलं, तर काळ्या पाठीवर ते दिसतच नाही. भुवया, गाल, पाय अशा तांबूस जागांवरच काळ्या रेघा उमटतात. चतुरक्ष आणि शबल, दोन्ही एकाच अंगावर! सूक्तकर्त्याने असाच कुत्रा पाहिला असणार, हे माझं ठाम मत.

ग्रीकांचा केर्बेरोस, म्हणजे पाताळाच्या दारावरचा राखणदार कुत्रा, हा आपल्या यमाचा शबलच, असं अमेरिकन संस्कृतज्ञ ब्लूमफील्डने १९०५ साली पुस्तक लिहून मांडलं. लोभस आहे. ग्रीक ‘क’समोर संस्कृत ‘श’ चालतो, ‘र’समोर ‘ल’ही चालतो, पण ‘ब’च्या आधीचा ‘र’ शबलात कुठाय? कर्बुरात तो आहे, तर तिथे सुरुवातीचा ‘श’ नाही. दोन शब्दांतले सोयीचे तुकडे जोडले की व्युत्पत्ती होत नाही. माक्स म्युलर तर केर्बेरोसला ‘शर्वरी’शी, म्हणजे रात्रीशी नेऊन भिडवतो. मग कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथाचं काय करायचं? तिथे शबल म्हणजे चक्क दिवस, आणि रात्र श्यामाच्या, म्हणजे यमाच्या दुसऱ्या कुत्र्याच्या, वाट्याला.