पद नाही, मग पुढाकार कुठून घ्यायचा?

प्रश्न: मुलगी दोन वर्षांपासून इंदूरच्या एका सरकारी कार्यालयात सहायक ग्रेड-३ आहे. अर्ज घेणं, नोटशीट (फाइलवरची टिपणी) लिहिणं, आवक-जावक. म्हणते, 'बाबूला कोण विचारतं? पुढारपण करायचं तर आधी साहेब व्हायला हवं.' नोकरी सोडून राज्यसेवेची तयारी करू द्यावी का?
– एक वडील, रामबाग, इंदूर

उत्तर: नमस्कार. परीक्षा नोकरीत राहूनही देता येते, त्यासाठी राजीनामा नको. तिचं दुसरं म्हणणं मात्र मला पटत नाही. सही साहेबांची, पण सहीसाठी समोर काय येतं ते नोटशीट लिहिणारा ठरवतो. 'आदेशार्थ सादर' लिहून फाइल वर ढकलणारा आणि प्रकरण, नियम, आधीचा निर्णय, आता काय करावं हे मुद्देसूद मांडणारा, दोघांचा पगार सारखाच, वजन नाही.

तिनं अडकणारी एकच जागा निवडावी. समजा, अर्ज परत जातात. चार आठवडे वहीत कारणं मोजावीत: सही राहिली, कागद अपुरा, खिडकी चुकली. अर्ज कोणाच्या टेबलावरून परतला ते लिहू नये. नाव आलं की वही चुगलीची होते आणि शेजारचे माहिती देणं बंद करतात. मग सर्वांत जास्त आलेल्या कारणावर अर्ध्या पानाची नोट, सोबत कागदपत्रांच्या यादीचा मसुदा आणि एकाच खिडकीवर महिनाभर करून पाहण्याचा प्रस्ताव. बडे बाबूंना, म्हणजे वरिष्ठ लिपिकांना, टाळून वर जाऊ नये. त्यांना डावललं की बहुतेक चांगल्या सूचना तिथेच मरतात. (नोट हिंदीत जाते. मराठीच्या सवयीनं लिंग चुकलं की मुद्दा राहतो बाजूला आणि हसू होतं.)

साहेब ऐकतील, कारण त्यांचंही अडलेलं असतं. मध्य प्रदेशच्या २०१० च्या लोकसेवा हमी कायद्यात, अधिसूचित सेवेला सबळ कारणाशिवाय उशीर झाला तर पदाभिहित अधिकाऱ्याला (ती सेवा देण्याची जबाबदारी असलेल्याला) रोज २५० रुपये, कमाल ५,००० रुपये दंड होऊ शकतो. १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवरची तक्रार सुटली नाही तर एल-१ पासून एल-४ पर्यंत, म्हणजे खालच्या अधिकाऱ्याकडून वरच्याकडे, चढत जाते. मुदतीच्या तीन दिवस आधी 'हे पाच अर्ज उरलेत' असं सांगणारं माणूस त्यांना हवंच असतं.

पाय घसरतो तो उत्साहात. खिडकीवरच्या माणसाला 'उद्या होऊन जाईल' असा शब्द देण्याचा अधिकार तिला नाही. तोंडी आदेश मिळाला तर त्याच दिवशी 'चर्चेतील निर्देशानुसार' अशी नोंद करून सही घ्यावी. आणि बदली झाली तर वही घरी न नेता पुढच्या बाबूच्या हाती द्यावी.